पहाटे पळायचं, रात्री वाचायचं... मग झोपायचं कधी?

मंदगती:
नमस्कार मंडळी,
मी पुण्यात कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीला, घरात दोन मुलं आणि सासूबाई. आठवड्यातले तीन-चार दिवस पळते. वेग विचारू नका, आयडी बघा. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मैत्रिणी आता पेस, कॅडेन्स, झोन टू अशा भाषेत बोलतात. मी अजून 'आज जमलं' आणि 'आज नाही जमलं' एवढ्यावरच आहे.

अडचण अशी की पळायचं तर सव्वापाच-साडेपाचला घराबाहेर पडावं लागतं. नंतर मुलांचे डबे, मग बस. आणि वाचन माझं कायम रात्रीचं. घर झोपलं की दिवा लावून बसायचं, ही शाळेपासूनची सवय. पूर्वी एक-दीड सहज वाजायचा. आता साडेनऊला दोन पानं होत नाहीत तोच पुस्तक नाकावर. गणपतीत हातात घेतलेली एक जाडजूड कादंबरी दिवाळी अंक आले तरी उशाशीच पडून आहे. शिवाय पळून आल्यावर चार ओळी लिहून ठेवायचा नाद होता (कुठून गेले, काय दिसलं, काय सुचलं), तोही मागे पडलाय.

'एक काहीतरी सोड' असा घरून सल्ला आहे. सासूबाईंच्या मते पळणं सोडावं. नवऱ्याच्या मते वाचन, म्हणजे रात्री दिवा तरी बंद होईल.

जे दोन्ही करतात त्यांनी सांगा, तुमचं वाचन नक्की कुठल्या वेळात बसतं? आणि पळताना ऑडिओबुक ऐकणं याला तुम्ही वाचन म्हणाल का?

रात्रपाळी:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पळणं सोडा.

तळजाईकर:
@रात्रपाळी, तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

मंदगतीताई, मी निवृत्त माणूस, त्यामुळे माझं वेळापत्रक सांगून तुम्हाला जळवत नाही. फक्त एक विचारतो. रात्री नऊ ते साडेनऊ हातात काय असतं? खरं सांगा. पुस्तकाचा वेळ पळण्याने खाल्लाय की मोबाईलने?

मंदगती:
काका, नऊ ते साडेनऊ हातात कणीक असते. उद्याच्या डब्याची.

तळजाईकर:
बरं. शब्द मागे घेतो.

कल्याण_फास्ट:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांना पहिल्यांदाच माघार घेताना बघितलं.

माझं उत्तर सोपं आहे: लोकल. सकाळी तास-सव्वातास, संध्याकाळी तेवढाच. लोक मला विचारतात एवढं वाचतोस कधी, मी म्हणतो मध्य रेल्वेची कृपा. बसायला मिळालं तर जाड पुस्तक, चौथी सीट (तिघांच्या बाकावर कडेला टेकायची जागा) मिळाली तर पातळ, आणि उभं राहावं लागलं तर दिवाळी अंक मधोमध दुमडून एका हातात. दिवाळी अंक माझे होळीपर्यंत पुरतात. कथा ठाकुर्लीला सुरू झाली तर साधारण घाटकोपरला संपते. कवितांची पानं मात्र घरी. गर्दीत कविता वाचली की शेजारचा माणूस खांद्यावरून वाचतो आणि 'म्हणजे काय हो?' विचारतो.

पळणं मग फक्त शनिवार-रविवार, काळा तलावाच्या फेऱ्या. एवढ्यावर अर्धी मॅरेथॉन होते, पूर्ण होत नाही. मला चालतं.

निळा_कंदील:
लोकलवाल्यांचं बरं आहे. आमच्या हिंजवडीच्या बसमध्ये वाचून बघा, दोन सिग्नलनंतर मळमळायला लागतं.

मी ऑडिओबुक ऐकते, आणि हो, मी त्याला वाचन म्हणते. स्टोरीटेल ॲपवर २०१७ पासून मराठी पुस्तकं यायला लागली, तेव्हापासून माझ्या पळण्यात खंड नाही, कारण पुढे काय झालं हे कळायला पळावंच लागतं. घरी ऐकायचं नाही हा नियम. एक कान मोकळा ठेवते, कारण एआरएआयच्या टेकडीच्या रस्त्यावर दुचाकीवाले अंधारात दिवे न लावता उतरतात.

अनुभवाने कळलेलं: सपाटीला, निवांत वेगात सगळं डोक्यात शिरतं. चढ लागला की आख्खा परिच्छेद कानावरून जातो आणि टेकडीवर पोचल्यावर पात्राचं लग्न झालेलं असतं.

तळजाईकर:
ते ऐकणं झालं. वाचन नव्हे. ऐकण्याला कमी लेखत नाही, पण वाचताना मी थांबतो, मागे जातो, पेन्सिलीने रेघ मारतो, एखाद्या वाक्यापाशी चहा गार होईपर्यंत बसतो. तुमच्या कानात कुणीतरी त्याच्या वेगाने बोलत असतं, तुम्ही तुमच्या वेगाने पळत असता. दोघांत पुस्तक कुठे राहिलं?

आजोळ:
काका, एक सांगू? माझी आजी निरक्षर होती. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एकजण वाचायचा, एकजण अर्थ सांगायचा आणि सगळी आळी वाती वळत ऐकायची. आजीला नवव्या अध्यायातल्या ओव्या पाठ होत्या, आणि कुठली ओवी चुकीच्या जागी तोडली तर ती बुवांना थांबवायची. तिने ज्ञानेश्वरी 'वाचली' नव्हती असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

हात कामात आणि कान ग्रंथात, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. फरक इतकाच की वातींच्या जागी आता बूट आलेत.

दुसरं, माझ्या वडिलांना काचबिंदूमुळे आता दिसत नाही. आयुष्यभर वाचनालयाचा माणूस. आता ते ऐकतात. 'बाबा, हे वाचन नाही हं' असं त्यांना कोण सांगणार? तुम्ही?

तळजाईकर:
वडिलांना नाही सांगणार. त्यांना नमस्कार. पळणाऱ्यांना सांगेन.

गुडघेमित्र:
मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे माझं पुस्तकांवर काही मत नाही, झोपेवर आहे. धागाकर्ती रात्री साडेदहाला झोपून पावणेपाचला उठत असतील आणि वर 'रात्रीचं वाचन परत सुरू करू' म्हणत असतील, तर तो तास झोपेतून जाणार. पळल्याने स्नायूंवर जो ताण येतो त्याची दुरुस्ती बरीचशी झोपेत होते. माझ्याकडे टाच, नडगी, गुडघा घेऊन येणाऱ्यांना मी दोन प्रश्न हमखास विचारतो: या महिन्यात अंतर एकदम किती वाढवलंत, आणि झोपता किती? तिसरा प्रश्न बुटांचा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्याचा फोम मेलेला असतो, वरून बूट कितीही चकचकीत दिसू दे.

तेव्हा काही सोडायचंच असेल तर पळण्याचा एक दिवस सोडा. तीन दिवस नीट पळलेलं, चार दिवस पेंगत पळलेल्यापेक्षा बरं.

चार_वाजता:
सगळे बहाणे आहेत. पहाटे चारला उठा. साडेचारला बाहेर, सहाला परत, सात वाजेपर्यंत वाचन. तो जपानी कादंबरीकार (नाव घेत नाही, धागा हायजॅक होतो) वर्षानुवर्षं चारला उठतो, पाच-सहा तास लिहितो, मग पळतो, रात्री नऊला झोपतो. मनात आणलं तर होतं.

कल्याण_फास्ट:
त्याला ७:४२ पकडायची नसते.

मंदगती:
त्याला डबेही भरायचे नसतात.

पाऊलखुणा:
@चार_वाजता, साडेचारला अंधारात एकट्या बाईने टेकडीवर जायचं, हे इतक्या सहज लिहिलंत? मी नाशिकला गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर पळते. आमचा सात जणींचा ग्रूप आहे, आणि तो एकमेकींच्या आवडीनिवडी जुळल्या म्हणून झालेला नाही, अंधारामुळे झालाय. एकीला ताप आला तर निम्म्या घरी बसतात. हिवाळ्यात उजाडायला पावणेसात-सात होतात, आणि तेवढ्यात माझी शाळा भरते. 'मनात आणलं तर' च्या आड कायकाय असतं ते जरा बघा.

चार_वाजता:
माझा तसा उद्देश नव्हता. पण मुद्दा मान्य.

रात्रपाळी:
म्हणजे पळायला ग्रूप लागतो, उजेड लागतो, बूट लागतात, फिजिओ लागतो. वाचायला एक उशी लागते. मी फक्त निरीक्षण नोंदवतोय. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

कागदी_होडी:
मंदगती यांनी तिसरी गोष्ट लिहिलीये तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. पळून आल्यावरच्या चार ओळी.

माझ्याकडे घड्याळ आहे. ते अंतर, वेग, हृदयाचे ठोके, चढ, सगळं सांगतं. झाडी दाट असली की जीपीएस भरकटतो आणि नकाशात मी ओढ्यातून पळालेली दिसते, तेवढी गंमत सोडली तर हिशोब चोख. पण मागच्या पावसाळ्यातला कुठलाही दिवस उघडला तर मला फक्त आकडे दिसतात, दिवस दिसत नाही. म्हणून वही. नियम एकच, अंघोळीच्या आधी लिहायचं, ओट्यापाशी उभं राहून. अंघोळ झाली की सगळं धुऊन जातं. वहीच्या कागदावर घामाचे डाग आहेत, शाई फुटलेली आहे. एक नमुना देते:

"म्हात्रे पुलाखाली पाणी चढलेलं. पुलावर लोक गाड्या थांबवून बघतायत. रेनकोटातला एक आजोबा सगळ्यांना सांगतोय की हे काहीच नाही. पाय जड. कालचं पुस्तक डोक्यात, नायिकेचा राग येतोय आणि का येतोय ते चौथ्या किलोमीटरला कळलं."

आता यातलं घड्याळाला काय कळणार? आणि बघा, वाचलेलं कळतं ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पळताना. त्यामुळे मला ही दोन कामं एकमेकांच्या वेळेवर उठलेली वाटतच नाहीत. रात्री दहा पानं वाचली तरी सकाळी तासभर त्यांच्याबरोबर काढता येतो.

स्ट्राव्हाभक्त:
स्ट्राव्हावर (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) नाही ते पळणं झालंच नाही.

तळजाईकर:
मग माझी गेली तीस वर्षं झालीच नाहीत. मोरांना विचारतो उद्या, त्यांनी बघितलंय का मला.

@कागदी_होडी, नोंद आवडली. पण एक धोका असतो. लिहायची सवय लागली की माणूस लिहिण्यासाठी पळायला लागतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, ते वाटेत दर दोन मिनिटांनी थांबून फोनवर काहीतरी टिपायचे. त्यांचं लेखन छान होतं. पळणं कधी बघितलं नाही.

दूरदेशी:
लंडनजवळून नमस्कार. वाचनमात्र होते, पण राहवलं नाही.

इथे शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करन असतं. पाच किलोमीटर, फुकट, कुणीही या. २००४ च्या ऑक्टोबरात बुशी पार्कमध्ये तेरा जणांनी सुरुवात केली होती, आता जगभर पसरलंय. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यात शेवटी एक स्वयंसेवक चालत येतो, जेणेकरून दुसरं कुणी शेवटचं येऊ नये. @मंदगती, तुम्हाला आवडेल हे.

माझ्यापुरतं वाचनाचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा पळणं जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळ सगळी पुस्तकाची. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा वाचन बंदच असतं म्हणा ना. रोजच्या रोज दोन्ही झालंच पाहिजे हा आग्रह सोडला आणि सुटले. दिवाळी अंक तर माझ्याकडे कुणाच्या तरी बॅगेतून फेब्रुवारीत येतात, त्यामुळे तेही हिशोबात बसतं.

पेडर_रोडचा_चढ:
दिवाळी अंकांवरून. कुणाच्या लक्षात आलंय का, खरी मारामारी तिथे आहे? मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर लांब पल्ल्याच्या सरावाचे महिने. रविवारी पहाटे तीनला उठून तीस-बत्तीस किलोमीटर करायचे आणि मग दुपारभर मेल्यासारखं झोपायचं. आणि नेमके तेव्हाच अंक येतात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना काय कल्पना की २००४ पासून याच मोसमात मुंबईकर पळत सुटणार आहेत.

मी उपाय काढलाय. रविवारी लांब पळून आल्यावर दुपारी पाय भिंतीला वर टेकवून जमिनीवर उताणं पडायचं आणि अंक छातीवर उभा धरायचा. पायांना आराम, अंकाला न्याय. झोप लागली तर अंक तोंडावर पडतो आणि जाग येते.

गुडघेमित्र:
पाय भिंतीला लावण्याला माझी हरकत नाही. तीनला उठण्याला आहे.

मानदेशी:
सगळ्यांचं वाचतोय. मी दहिवडीकडचा. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयाचं काम बघतो, म्हणजे संध्याकाळी कुलूप उघडणं, वर्तमानपत्रं लावणं, रजिस्टर लिहिणं. थोडं वेगळं लिहितो, कुणाला उगाच लावून घेऊ नका.

तुम्ही ज्याला पळणं आणि वाचन म्हणता, त्या दोन्ही गोष्टी आमच्याकडे एकाच पोराला कराव्या लागतात आणि त्यातली एकही छंद नसते. पोलीस भरती. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात पोरांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोरींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मैदानातून वर आलात तर पुढे १०० गुणांची लेखी: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही लागतं. नुसता पळणारा लेखीला जातो, नुसता वाचणारा मैदानावरच जातो.

पहाटे चारला (@चार_वाजता, तुमचेच बंधू) पोरं रस्त्यावर असतात. एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, बाकीचे ओळीत. आठला घरची धार-पाणी, नऊला अभ्यासिका. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बाकं टाकून दिलीत. खिडकीच्या गजांना मोजे वाळत असतात, त्याच्याखाली भूगोल. दुपारी बाराच्या सुमाराला निम्मी मान टाकतात. मी उठवत नाही.

ऐकणं म्हणजे वाचन का, यावर तुमचं चाललंय. आमच्याकडे एक पद्धत आहे. सकाळी गरम व्हायला हळू पळतात, तेव्हा एकजण प्रश्न टाकतो आणि बाकीचे धापा टाकत उत्तरं देतात. "भीमेला मिळणारी नदी?" "नीरा!" "अजून?" "माण!" "७३ वी घटनादुरुस्ती?" "पंचायत राज!" आदल्या दिवशी वाचलेलं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर म्हणायचं. रस्त्याकडेच्या वस्तीवरल्या एका म्हातारीला आता सगळ्या समित्यांची नावं पाठ झालीत म्हणतात.

आमच्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. तिकडे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या राष्ट्रकुलात त्याच शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य काढलं. ही नावं पोरांच्या तोंडी असतात. पण त्यांना ऑलिंपिक नको असतं. त्यांना नोकरी हवी असते, म्हणजे मग पळणं थांबवता येईल.

एक गोष्ट मात्र सांगतो. मागं एक पोरगं मैदानी देऊन आलं आणि यादी लागायला वेळ होता. चार-पाच दिवस नुसता वाचनालयात बसून राहिला. मग म्हणाला, सर, गोष्टीचं काही आहे का? परीक्षेत न येणारं. मी दिलं. रोज एक संपवायचा. यादीत नाव आलं नाही त्याचं. पुस्तकं न्यायला अजून येतो. पहाटे पळतोही. आता कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.

आजोळ:
___/\___

मंदगती:
मानदेशी दादा, हे वाचून माझा प्रश्न फारच लाडाचा वाटायला लागलाय.

मानदेशी:
नाही ताई, तसं नका समजू. लाड असू द्या की. लाडाचं पळणं, लाडाचं वाचन जितक्या घरात होईल तितकं चांगलंच. पोरं तेच मिळवायला धडपडतात.

गुडघेमित्र:
मानदेशी, ते पळताना उत्तरं देणं भारी आहे. आम्ही पेशंटला हेच सांगतो: बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. पोरांनी घड्याळाशिवाय पद्धत काढली. हृदयाच्या कमाल ठोक्यांचं २२० वजा वय हे सूत्र तर फारच ढोबळ आहे, त्यापेक्षा नीरा-माण बरी.

निळा_कंदील:
म्हणजे चढावर मला परिच्छेद कळत नाही, याचा अर्थ मी बरोबर पळत नाही. धन्यवाद, अपमान पोचला.

मिरामार:
पणजीहून. ओहोटीला वाळू कडक असते तेव्हाच किनाऱ्यावर पळता येतं, म्हणजे माझी पळण्याची वेळ चंद्र ठरवतो. रोज पुढे सरकते. पुस्तक गाडीतच असतं. पाणी वर असेल तर बसून वाचतो, उतरलं की पळतो. कुठल्याही नियोजनाची गरज नाही. समुद्राजवळ राहायला या.

अवांतर: कुत्र्यांचं कुणी काय करतं? मिरामारला आठ-दहांची टोळी आहे.

तळजाईकर:
थांबायचं. चालायला लागायचं. पाठ दाखवायची नाही. त्यांना तुमच्यात रस नसतो, तुमच्या पळण्यात असतो.

रात्रपाळी:
माझ्या मागे आजवर एकही कुत्रं लागलेलं नाही. कारण उघड आहे.

पाऊलखुणा:
रच्याकने (जाता जाता), दोन्ही हौशी एका दिवसात भागवायच्या असतील तर भिलार. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना आत वळतो तो रस्ता. २०१७ मध्ये सरकारने ते 'पुस्तकांचं गाव' केलं. घराघरांत कपाटं, प्रत्येक घरी वेगळा साहित्यप्रकार, बाहेर पाटी. आम्ही सातजणी पाचगणीला मुक्काम करून पहाटे पळत भिलारला गेलो होतो. चढ-उतार भरपूर, दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं, थंडी अशी की बोटं वाकेनात. घामाने ओल्या कपड्यांत आत जायला संकोच वाटत होता, पण त्या घरातल्या काकूंनी आधी चहा दिला आणि मग म्हणाल्या, हात पुसा आणि काढा हवं ते. दुपारपर्यंत बसलो. परत जाताना मात्र कुणीच पळालं नाही, जीप केली.

पेडर_रोडचा_चढ:
हे भन्नाट आहे. सातारा हिल मॅरेथॉनला आम्ही यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावरून परत येतो आणि संध्याकाळी थेट मुंबई गाठतो. इतक्या जवळ असून भिलारला कधी वळलो नाही. यंदा एक दिवस वाढवतो.

कल्याण_फास्ट:
मूळ प्रश्नाकडे या रे. ताई, काय ठरलं?

मंदगती:
सांगते. चारऐवजी तीन दिवस केले (गुडघेमित्र, खूश?). न पळायच्या दिवसांत रात्री वाचते, आणि दुसऱ्या दिवशी गजर लावत नाही. पळायच्या आदल्या रात्री पुस्तक उघडायचंच नाही, नाहीतर ना धड झोप ना धड पान. ऑडिओबुक दोनदा करून बघितलं. निवेदकाचा आवाज छान होता, पण मला पळताना स्वतःशी बडबडायची सवय आहे, आणि दोघं एकदम बोलायला लागलो. ते बंद. कणकेला मात्र चांगलं चालतं! नऊ ते साडेनऊ आता कानात कादंबरी असते. काका याला काय म्हणतील ते म्हणोत.

आणि वही आणलीये. ओट्यापाशी ठेवलीये. पहिल्याच दिवशी मुलीने त्यात किराणा लिहून ठेवला.

तळजाईकर:
कणीक मळताना चालेल. वातीच आहेत त्या.

कागदी_होडी:
किराणा फाडू नका. दहा वर्षांनी तोच वाचायला मजा येते.

दूरदेशी:
@मानदेशी, वाचनालयाला काय हवंय? जानेवारीत पुण्याला येतेय.

मानदेशी:
विचारलंत म्हणून सांगतो. बूट चालतील, वापरलेले असले तरी, फक्त तळवा झिजलेला नको (गुडघेमित्रांनी वर लिहिलंय तेच). आठ आणि नऊ नंबर जास्त लागतात, पोरींना पाच-सहा. पुस्तकांत जुनी चालू घडामोडीची गाइडं कृपा करून पाठवू नका, ती ढीगभर आहेत आणि त्यातले मंत्री बदललेत. व्याकरण चालेल. गोष्टीची पुस्तकं चालतील, आता मागणी आहे. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.

पेडर_रोडचा_चढ:
माझ्याकडे दोन जोड आहेत, चारशेच्या आसपास चाललेले. धुऊन पाठवतो.

पाऊलखुणा:
आम्हा सातजणींचे मिळून एक खोकं होईल. पाच-सहा नंबरच आहेत बहुतेक.

रात्रपाळी:
माझ्याकडे नऊ नंबरचा एक जोड आहे. घातलेत एकदाच, तेही दुकानात. व्यनि करा.